रक्त, सायकल आणि दोन आत्मचरित्रे

आमच्या घरच्या पुस्तकांच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, एक इंग्रजी पुस्तक आहे. त्याची पाठ उसवली आहे, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे आणि आत जागोजागी शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत. पुस्तक माझे, खुणा माझ्या थोरल्या बंधूंच्या. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूचे हे आत्मचरित्र, 'इट्स नॉट अबाउट द बाइक'. सॅली जेन्किन्स या पत्रकार बाईंच्या साह्याने ते लिहिले गेले आणि २००० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या शेजारी गेली काही वर्षे मी मुद्दाम दुसरे एक पुस्तक ठेवले आहे. आर्मस्ट्राँगचा एके काळचा सहकारी टायलर हॅमिल्टन याने डॅनियल कॉइल या लेखकाला बरोबर घेऊन २०१२ साली लिहिलेले 'द सीक्रेट रेस'. पहिले पुस्तक खोटे निघाले आणि त्या खोट्याचे बिंग फोडणाऱ्यांत दुसऱ्याचा कर्ता होता, एवढे पुष्कळांना ऐकून माहीत असते. परंतु वाङ्मय म्हणून या दोन पुस्तकांचे करायचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तो पुन्हा उभा राहिला दादांच्या नातवामुळे. २०२६ च्या जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. परदेशी स्वार आपल्या रस्त्यांवरून सुसाटत गेले, आणि हा चौदा वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडून आला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काकाआजोबा, आजोबांचे ते सायकलचे पुस्तक द्या ना." मी कपाटापाशी गेलो आणि तिथेच थबकलो.

दादांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यात काही उरलेले नाही. पण दादा त्या शहराचे खरेखुरे नागरिक होते. सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात ते चौतीस वर्षे सायकलने गेले आणि सायकलनेच परत आले. मी लहान असताना मुंबई-पुणे शर्यतीचे स्वार शहरात शिरताना पाहायला ते मला कॅरिअरवर बसवून दापोडीपर्यंत नेत. बोरघाट चढून आलेल्या त्या घामाघूम माणसांकडे ते ज्या नजरेने पाहत, त्या नजरेने त्यांनी आमच्या कुलदैवताकडेही कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. २००८ साली त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. भेटायला जाताना काय न्यावे, हा आजाऱ्याच्या आप्तांना पडणारा नेहमीचा प्रश्न. मोसंबी नेऊन झाली होती. मी अप्पा बळवंत चौकात गेलो आणि हे पुस्तक घेऊन आलो.

पुस्तकाची कथा थोडक्यात अशी. १९९६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या २५ व्या वर्षी, आर्मस्ट्राँगला वृषणाचा कॅन्सर असल्याचे निष्पन्न झाले. तो फुप्फुसांत, पोटात आणि मेंदूपर्यंत पसरला होता. इंडियानापोलिसच्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. फुप्फुसांना धक्का लागला तर सायकल संपली, म्हणून फुप्फुसे वाचवणारी औषधयोजना त्याने निवडली. तो जगला. १९९९ साली त्याने टूर द फ्रान्स जिंकली आणि पुढे २००५ पर्यंत ओळीने सात वेळा जिंकली.

एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. या पुस्तकातली रुग्णालयाची प्रकरणे उत्तम आहेत. खोट्या माणसाच्या पुस्तकाला उत्तम म्हणताना जीभ अडखळते, पण वाचकाने भिडस्तपणा करू नये. आजारी माणूस इथे संत होत नाही. तो चिडतो, डॉक्टरांना आडवेतिडवे प्रश्न विचारतो, रक्ताच्या तपासणीतले आकडे शर्यतीतल्या वेळेसारखे मोजतो. लाट्रीस नावाची परिचारिका त्याला औषधांचे काम समजावून सांगते, ती पाने तर कोणत्याही चांगल्या कादंबरीत शोभावीत. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक 'स्मृतिचित्रां'त टिळकांचा राग लपवत नाहीत, घरातली भांडणे लपवत नाहीत, म्हणून त्यांच्या श्रद्धेवर आपला विश्वास बसतो. तीच युक्ती, किंवा तोच प्रांजळपणा, इथे आहे. या दोहोंत फरक कसा करायचा हाच तर सारा घोळ आहे.

दादांनी ते पुस्तक केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये वाचले. इंग्रजी वाचायची त्यांना फारशी सवय नव्हती. शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. वहिनी सांगत, की सुई लावायला जाताना ते पुस्तक पिशवीत हवेच असे. हिमोग्लोबिन खाली गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे ईपीओची, इंजेक्शने लिहून दिली. ती थंड ठेवावी लागतात. मी थर्मासात बर्फ घालून ती दुकानातून आणी आणि वहिनी ती फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीशेजारी उभी करून ठेवीत. दादा हसून म्हणाले होते, "त्या लान्सलाही हेच दिले होते बरे का!" तसा उल्लेख त्या पुस्तकात आहेच. २०१० च्या श्रावणात दादा गेले. पुस्तक वहिनींनी मला परत दिले.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आर्मस्ट्राँगवर तहहयात बंदी घातली. १ ऑगस्ट १९९८ पासूनचे त्याचे सारे निकाल रद्द झाले. ऑक्टोबरमध्ये पुराव्यांचा तपशील प्रसिद्ध झाला. २६ साक्षीदार आणि त्यांत त्याचे स्वतःचे ११ जुने सहकारी. त्या सात वर्षांच्या यादीत विजेत्याची जागा आज रिकामी आहे. दुसऱ्या कोणालाही ती देण्यात आली नाही. २०१३ च्या जानेवारीत ओप्रा विन्फ्री यांच्यासमोर बसून त्याने ईपीओ, रक्त चढवणे, टेस्टोस्टेरॉन हे सारे कबूल केले. सातही वेळा.

त्या आठवड्यात मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतले, ते एखाद्या पोलीस अंमलदाराच्या नजरेने. खोटे कुठे आहे ते शोधायचे होते. आणि माझी पंचाईत झाली. कॅन्सर खरा होता. शस्त्रक्रिया खरी होती. वांत्या, केस जाणे, भीती, सारे खरे. पाचातली चार पाने खरी. मग मला उमगले की या पुस्तकातला मोठा खोटेपणा एखाद्या घटनेत शोधण्यापेक्षा एका उभयान्वयी अव्ययात शोधावा. ते अव्यय म्हणजे 'म्हणून'. मी मरणाच्या दारातून परत आलो, म्हणून मला दुःख सोसता येऊ लागले, म्हणून मी डोंगर चढलो, म्हणून मी जिंकलो. घटनांच्या मण्यांमधून हा जो दोरा ओवला आहे तो बनावट आहे. आणि वाचक पुस्तक मिटताना मणी विसरतो, दोरा तेवढा बरोबर नेतो.

शिवाय जे गाळले आहे ते आहेच. इंडियानापोलिसच्या ज्या रुग्णालयातली प्रकरणे इतकी हृद्य आहेत, तिथल्याच एका खोलीत, २७ ऑक्टोबर १९९६ रोजी, डॉक्टरांनी विचारल्यावर आर्मस्ट्राँगने आपण ईपीओ, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोन वगैरे घेत असल्याचे सांगितले, अशी साक्ष त्याचा मित्र फ्रँकी अँड्रू आणि त्याची बायको बेट्सी यांनी शपथेवर दिली. ओप्रा यांनी याविषयी विचारले तेव्हा त्याने बोलायचे टाळले. म्हणजे पाहा, खोली जवळजवळ तीच, खाट तीच, सलाइनची नळी तीच. आत्मचरित्रकार आपल्याला हात धरून तिथे नेतो, सगळे दाखवतो आणि बरोबर त्या एका दुपारी खिडकीचा पडदा ओढून घेतो.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळतो. पण त्याआधी या रक्ताच्या व्यवहाराची माहिती करून घेतली पाहिजे, नाहीतर हॅमिल्टनचे पुस्तक कळायचे नाही. स्नायूंना प्राणवायू लागतो आणि तो वाहून नेतात रक्तातल्या तांबड्या पेशी. हमाल जास्त तर माल जास्त, इतका साधा हिशेब. तांबड्या पेशी वाढवायचा एक मार्ग म्हणजे रक्तच चढवणे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन संघातल्या काही सायकलस्वारांनी तो केला. कोणी नातेवाइकांचे रक्त भरून घेतले आणि काही जण त्याने आजारीही पडले. तेव्हा त्याला नियमाची आडकाठी नव्हती. बंदी नंतर लवकरच आली. मग १९८९ साली ईपीओला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. मूत्रपिंडे स्वतः जे द्रव्य तयार करून हाडांतल्या मगजाला 'पेशी तयार करा' म्हणून सांगतात, तेच हे, कारखान्यात बनवलेले. मूत्रपिंडाच्या रोग्यांना त्याने जीवदान दिले. सायकलस्वारांना पिशव्या, नळ्या, सुया यांचा खटाटोप वाचला. ईपीओ पकडता येईना, तेव्हा १९९७ साली सायकल महासंघाने नियम केला की रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण शंभरात पन्नासाच्या वर गेले तर स्वाराला शर्यतीतून उतरवायचे. म्हणजे चोराला सांगितले, की कपाटातले पन्नास रुपयांपर्यंत चालेल. २००० साली ईपीओची लघवीतली चाचणी निघाली, आणि शहाणे लोक काय करते झाले? पुन्हा जुन्या पिशवीकडे वळले. या वेळी रक्त स्वतःचेच. आधी काढायचे, थंड पेटीत ठेवायचे आणि शर्यतीच्या ऐन मध्यावर, शरीर थकले की परत भरायचे. स्वतःचेच रक्त परके म्हणून पकडणार कोण?

हॅमिल्टन हे सारे सांगतो ते असे, की वाचताना दंडावर शहारे येतात. २००० च्या जूनमध्ये विमानाने व्हॅलेन्सियाला जाणे, तिथे अर्धा लिटर रक्त काढून देणे, परत आल्यावर साध्या चढावरही धाप लागणे. मग जुलैत, माँ व्हाँतूच्या चढाच्या आधी, हॉटेलच्या खोलीत भिंतीला चिकटपट्टीने लावलेल्या पिशव्या आणि अंगात शिरणारे ते थंडगार रक्त. पुढे माद्रिदचा डॉक्टर फुएंतेस येतो, त्याची 'सायबेरिया' या नावाची शीतपेटी येते. ईपीओला या मंडळींनी 'एडगर' असे नाव ठेवले होते, एडगर ॲलन पो या लेखकावरून. त्या बिचाऱ्या भयकथाकाराला ही कथा नक्की आवडली असती. २००४ च्या टूरमध्ये हॅमिल्टनने एक पिशवी भरून घेतली, ती बिघडलेली होती. ताप चढला, डोके फुटायला आले आणि लघवी जवळजवळ काळी झाली. नासलेले रक्त बाहेर पडत होते. हे पान लिहिणाऱ्याने काही सजवलेले नाही, आणि म्हणूनच ते विसरता येत नाही.

त्याच वर्षी अथेन्सला त्याने सुवर्णपदक मिळवले. तिथल्या तपासणीत त्याच्या रक्तात दुसऱ्या कोणाच्या तरी पेशी सापडल्या, पण राखीव नमुना चुकून गोठवला गेल्यामुळे खात्री करता आली नाही आणि पदक वाचले. महिन्याभरात स्पेनच्या शर्यतीत तो पुन्हा सापडला. तेव्हा त्याच्या बाजूने असा बचाव मांडला गेला, की गर्भात असताना लोप पावलेल्या जुळ्या भावंडाच्या पेशी त्याच्या अंगात राहिल्या असतील! रक्तबीजाची कथा सांगणारे आपले पुराणिकही इतके धाडस करते ना. आत्मचरित्रात मात्र तो म्हणतो, की परक्याचे रक्त आपण जाणूनबुजून कधी घेतले नाही, पिशव्यांची अदलाबदल झाली असावी. २०११ साली त्याने जाहीर कबुली देऊन पदक परत केले.

पण ज्या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो, ते यांतले कोणतेच नव्हे. १९९९ सालची गोष्ट. नीस येथे आर्मस्ट्राँगच्या घरी हॅमिल्टन त्याच्याकडे ईपीओ मागतो. आर्मस्ट्राँग फ्रिजकडे बोट दाखवतो. हॅमिल्टन फ्रिज उघडतो. दारात, दुधाच्या खोक्याशेजारी, कुप्या उभ्या करून ठेवलेल्या असतात.

आमच्याही फ्रिजमध्ये त्या तिथेच असत. दुधाशेजारी.

त्या वेळी मला जे वाटले त्याला राग म्हणणे बरोबर होणार नाही. मी वर्षातून तीन-चार वेळा रक्त देणारा माणूस. आमच्याकडे एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात, एक बिस्किटाचा पुडा आणि कॉफी देतात. दादांना दोनदा रक्त द्यावे लागले तेव्हा मी रक्तपेढीच्या बाकावर चिठ्ठी हातात धरून बसलो आहे. तिथे बाकावर बसलेल्या कोणाच्याही मनात रक्त हे जिंकण्यासाठी असते असे येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की तीच कुपी, तीच पिशवी, तोच शीतकपाट. आणि दोन माणसांच्या हातांत त्यांचे अर्थ इतके वेगळे, की एकाच शब्दाने त्यांना हाक मारणे भाषेवर अन्याय वाटावा. पहिल्या पुस्तकाचे पाप माझ्या लेखी हे आहे. त्याने रोग्याच्या कुपीची पुण्याई घेतली आणि ती स्वाराच्या कुपीच्या नावे जमा केली.

हॅमिल्टनच्या पुस्तकाला मात्र मी मोकळे सोडणार नाही. ते पकडले गेल्यानंतरचे पुस्तक आहे. त्याचा प्रांजळपणा तपशिलात अस्सल आहे आणि सूर लावताना थोडा सराईत आहे. सगळेच करत होते, मग मी काय करणार, ही पार्श्वध्वनीची तंबोऱ्याची तार सबंध पुस्तकभर वाजत राहते. सगळे करत नव्हते. क्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच स्वार होता. तो काही घेत नसे आणि १९९९ च्या त्याच शर्यतीत, वर्तमानपत्रातून, तसे बोलतही असे. आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याला गाठून घरी जायला सांगितले. इतर स्वारांनी त्याच्याशी बोलणे टाकले. स्वतःच्या संघातलेही दूर झाले. तो शर्यत सोडून निघून गेला. गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय ते आपल्याला निराळे सांगायला नको. बासोंनेही २००० साली, आर्मस्ट्राँगचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, आपले पुस्तक लिहिले. इंग्रजीत यायला त्याला २०१४ साल उजाडावे लागले. जिंकणाऱ्याचे आत्मचरित्र आपण घेतो, पश्चात्ताप झालेल्याचेही घेतो. ज्याने काहीच केले नाही त्याचे आत्मचरित्र कोण घेणार? यात दोष प्रकाशकांचा कमी आणि अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तक निवडणाऱ्या माझ्यासारख्याचा जास्त.

आर्मस्ट्राँगच्या कबुलीनंतर एक गंमत घडली. सिडनीतल्या मॅन्ली ग्रंथालयात पाटी लागली, की लान्स आर्मस्ट्राँगची सर्व पुस्तके लवकरच कादंबरी विभागात हलवण्यात येतील. कोणा पोराने केलेली ती चेष्टा होती, पण जगभर वर्तमानपत्रांनी ती छापली. कॅलिफोर्नियात तर काही वाचक खरोखरच कोर्टात गेले. आम्हाला सत्यकथा म्हणून कादंबरी विकली, पैसे परत करा. २०१३ साली न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. लेखनस्वातंत्र्याचे संरक्षण त्या पुस्तकालाही आहे, असे ठरले. मला तो निकाल पटतो. ती थट्टा मात्र पटत नाही. ते पुस्तक कादंबरी विभागात नेण्याइतके सन्मानाचे काही त्याने केलेले नाही. कादंबरीकार खोटे सांगतो ते आपल्याला सांगून सांगतो.

आणि तरीही ते मी रद्दीत घातलेले नाही, याचे कारण त्या पेन्सिलीच्या खुणा. शब्दांखालच्या रेघा सोडल्या तर मी त्या मोजल्या. ४१ खुणा. त्यांतल्या ३८ रुग्णालयाच्या प्रकरणांत आहेत. वांती, भूक, झोप न लागणे, परिचारिकेचे बोलणे, आईचे येणे. जिंकण्याच्या प्रकरणांत केवळ दोन, तीही डोंगरांच्या वर्णनापाशी. ज्या 'म्हणून'वर मी इतका उखडलो, त्याच्याकडे दादांनी ढुंकूनही पाहिलेले दिसत नाही. त्यांना त्या दोऱ्याची गरजच नव्हती. त्यांनी आपल्यापुरते मणी वेचून घेतले. समीक्षकापेक्षा रोगी चांगला वाचक असतो असा सिद्धांत मी यावरून मांडणार नाही. एकाच रोग्याचा मला अनुभव आहे.

उरली एक खूण. १९९९ च्या शर्यतीत आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला होता. पुस्तकात त्याचा खुलासा आहे, की सीट घासून झालेल्या फोडांवर लावलेल्या मलमामुळे तो आला. संघाची मालिश करणारी एमा ओ'राइली हिने पुढे सांगितले, की ती मलमाची चिठ्ठी मागची तारीख घालून नंतर तयार करवून घेतली होती. पुस्तकातल्या त्या जागी, समासात, दादांच्या अक्षरात दोन शब्द आहेत : "कोणते मलम?"

२०१३ साली मी हे शब्द प्रथम पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दादांनी ओळखले होते! मग विचार करता करता हसू आले. चौतीस वर्षे खडकीला सायकल मारणाऱ्या माणसाला तो त्रास चांगलाच परिचयाचा होता. आमच्या घरी त्यावर कैलास जीवन लावीत. अमेरिकेच्या विजेत्याने कोणते मलम वापरले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असावे. असावे, असे म्हणतो.

नातवाला मी अखेर दोन्ही पुस्तके दिली. आर्मस्ट्राँग आधी वाच आणि हॅमिल्टन नंतर, असे सांगितले. मधे काही बोललो नाही. पहिले त्याने चार दिवसांत संपवले. दुसऱ्याला तीन आठवडे लागले. परत द्यायला आला तेव्हा आर्मस्ट्राँगचे पुस्तक त्याने नेमके त्या पानावर उघडून माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आजोबांना उत्तर कोणी दिलेच नाही का?" मी नाही म्हणालो. त्याने समासात बोट ठेवून माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी ती दिली नाही.